जयाबाई आणि पंपाची रिंग

जयाबाई चोरघ्यांना पोहता येत नाही. घोट्याच्या वर पाणी आलं की त्या मागे सरतात. लहानपणी मामाच्या गावी ओढ्यात घसरल्या होत्या, तेव्हापासून त्यांनी पाण्याला लांबून नमस्कार केला तो आजतागायत. आणि तरीही खराडीपासून बिबवेवाडीपर्यंत नऊ सोसायट्यांच्या पोहण्याच्या तलावांचं पाणी स्वच्छ राहतं, त्यात निम्मा वाटा त्यांचा आहे. हे त्यांच्या यजमानांनी, मच्छिंद्ररावांनी, भावकीतल्या एका लग्नात चारचौघांसमोर कबूल केलं होतं. चोरघ्यांच्या घराण्यात कुणा पुरुषानं चारचौघांत असं काही कबूल करण्याची ती पहिलीच वेळ.

मच्छिंद्रराव पाणी बघतात. सकाळी सहाला बिबवेवाडीतून गाडी काढायची, तलावाचा तळ झाडायचा, पाण्यात औषध टाकायचं, पंप बघायचा. पंपाचं काही झिजलं, चिरलं, गळायला लागलं, की ती वस्तू काढून पिशवीत घालायची आणि घरी आणून ओट्यावर ठेवायची. तिथून पुढचं काम जयाबाईंचं. वस्तू घेऊन बाजारात जायचं आणि तशीच दुसरी, पण कमी पैशात, शोधून आणायची.

हे काम त्यांच्याकडे आलं त्यालाही कारण मच्छिंद्ररावच. त्यांना घासाघीस जमत नाही. दुकानदार सांगेल तो भाव, वर "बरं चाललंय ना धंदा?" म्हणून त्याचीच विचारपूस. एकदा त्यांनी पंपाच्या तोंडाशी पानं-केस अडकायला असते ती प्लास्टिकची टोपली आणली. किंमत ऐकून जयाबाईंनी ती उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरून पाहिली.

"अहो, ह्यात सोनं कुठल्या बाजूला लावलंय?"

"कंपनीची आहे."

"कंपनीची असू दे. टोपलीच ना?"

दुसऱ्या दिवशी त्या बसनं शहरात गेल्या, बोहरी आळीत चार दुकानं हिंडल्या आणि तशीच टोपली पाव किमतीत घेऊन आल्या. रंग तेवढा पोपटी होता. मच्छिंद्ररावांनी बसवून पाहिली. बसली. पाण्याला रंग कळत नाही. त्या दिवसापासून जयाबाईंच्या भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीच्या शेजारी पंपाचे भाग दिसू लागले.

त्यांचं मापाचं साधन तर साऱ्या पुण्यात कुणाकडे नसेल. पाइपांच्या जोडात छोट्या रबरी रिंगा असतात. त्यांची मापं इंग्रजी आकड्यांत, मिलिमीटरमध्ये. जयाबाई मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या, आकड्यांना घाबरत नाहीत, पण त्यांचं म्हणणं असं की माप हाताला कळलं पाहिजे. त्यांनी जुन्या बांगड्या एका नाडीत ओवल्या. सव्वादोनची, अडीचची, पावणेतीनची. रिंग आली की बांगडीवर धरायची. दुकानात गेल्यावर, "ह्या अडीचच्या आत अलगद बसणारी द्या." सुरुवातीला दुकानदार हसले. मग एकानं स्वतःकडेही बांगड्या ठेवल्या.

तो एक म्हणजे बाळशेठ. बुधवार पेठेत, एका बोळात, त्यांचं रबरी वस्तूंचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक माणूस बसेल आणि दुसरा उभा राहील एवढी जागा, बाकी सगळ्या भिंतींवर रिंगाच रिंगा टांगलेल्या. वय पंचाहत्तर, पण वडिलांनी बाळ म्हटलं म्हणून अजून बाळच. बोलणं असं, की गिऱ्हाईक टिकतं ते मालामुळे.

जयाबाईंची आणि त्यांची पहिली भेटच भांडणाची. जयाबाईंनी जुनी रिंग नेली होती, बाळशेठनी तिच्या मापाची दिली, घरी आल्यावर ती जागेवर बसेना. मोठी झाली. जयाबाई तशाच उलट पावली गेल्या.

"माप चुकलं तुमचं."

"माप तुम्ही आणलंत."

"जुनी रिंग तर आणली होती!"

"जुनी रिंग दहा वर्षं औषधाच्या पाण्यात होती. फुगलीय ती. सासूबाईंच्या अंगठीचं माप घेऊन सुनेला अंगठी करता का? रिंगचं माप घेऊ नका, ती बसते त्या खाचेचं घ्या." आणि मग, रिंग बदलून देताना, "बोलून गेलो. राग मानू नका. मानलात तरी चालेल, पण खाचेचं माप आणा."

जयाबाईंनी राग मानला आणि गोष्टही मानली. त्यानंतर त्या पंपाच्या खोलीत स्वतः जाऊ लागल्या. खाचेत सुतळी फिरवायची, गाठ मारायची, ती सुतळी बाळशेठच्या हातात द्यायची. जाता-येता बुधवारातल्या गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडायचे. गर्दीत आत शिरायला त्यांना आवडत नाही. त्या म्हणतात, "त्याला दिसतं."

खराडीची सोसायटी ही चोरघ्यांच्या कामातली सगळ्यात मोठी. पाच उंच इमारती, मधे तलाव. ह्या एका कामावरून पुढची चार कामं मिळालेली. गेल्या वर्षी भाद्रपदात तिथल्या पंपाच्या झाकणाची रिंग कडक होऊन चिरली. हे झाकण पारदर्शक असतं, त्याखाली ती टोपली, आणि झाकण हवाबंद बसावं म्हणून खाचेत ही मोठी रिंग. रसवंतीतल्या नळीला भोक पडलं की तोंडात रस कमी आणि वारा जास्त येतो, तसं ह्या पंपाचं आहे. रिंग सैल असेल तर तो पाण्याबरोबर हवा ओढतो. मग तलावात बुडबुडे येतात, पाणी फिरेनासं होतं, आणि लक्ष दिलं नाही तर कोरडा फिरून पंप जळतो.

कंपनीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, रिंग सुटी मिळत नाही, झाकणासकट घ्या, तीन आठवडे लागतील. शर्टाचं बटण तुटलं तर शर्टच घ्या म्हणण्यातला प्रकार. जयाबाई सुतळी घेऊन बाळशेठकडे गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी रिंग आणली.

पण सोसायटीच्या कमिटीत दिग्विजय नावाचा एक तरुण मुलगा होता. संगणकावरच्या कामाची मोठी नोकरी, स्वभावानं गुणी, पण कागदावरचा माणूस. तो म्हणाला, "काकू, ओरिजिनल पार्टच टाका ना. लोकल टाकलं आणि पंप गेला तर रिस्क कोणाची?"

"माझी," जयाबाई म्हणाल्या.

सेक्रेटरी सुनीतीताई दामले समोरच बसल्या होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, सदुसष्ट वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी त्यांना पाण्यात चालायला सांगितलंय. रोज सकाळी सात वाजता डोक्याला टोपी घालून त्या तलावात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात, फेऱ्या मोजतात आणि कुणी "गुड मॉर्निंग" म्हटलं तर "बघू" म्हणतात. त्या चष्म्यावरून जयाबाईंकडे बघत म्हणाल्या, "तुमची रिस्क म्हणजे नक्की काय? पंप जळला तर तुम्ही आम्हाला पाणी फिरवून देणार?"

जयाबाईंना बोलणं लागलं. लागलं की त्या एकदम सरळ बोलतात. "ही रिंग वर्षभर टिकेल. वर्षाच्या आत सैल पडून पंपानं हवा ओढली, तर मी तुमच्या गेटच्या आत पाय ठेवणार नाही. आणि काम तुम्ही खुशाल दुसऱ्याला द्या."

मच्छिंद्ररावांनी कपाळाला हात लावला. सुनीतीताईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि दिग्विजयला सांगितलं, "ह्यांची टाकू. शब्द देणारं माणूस हल्ली सुटं मिळत नाही."

रिंग बसली. पंप गोड चालू लागला. जयाबाईंना सुनीतीताईंचं ते वाक्य इतकं आवडलं की आठवडाभर त्या कामं करता करता मधेच हसायच्या.

मग नवरात्र आलं, खंडेनवमी आली. ज्याच्यावर आपलं पोट आहे त्या हत्यारा-यंत्राची पूजा करायचा दिवस. चोरघ्यांच्या घरी त्या दिवशी पान्हे, पकडी, ब्रश, सगळं पाटावर मांडतात. पंप मात्र पाटावर येऊ शकत नाहीत, म्हणून नवरा-बायको वाटणी करून तलावांवर जातात आणि जागेवर पूजा करतात. खराडीचा पंप जयाबाईंनी आपल्याकडे घेतला.

त्यांनी आधी पंप बंद केला, झाकण काढलं, टोपली धुतली, खाच पुसली. मग झेंडूची माळ घातली. हळदकुंकू वाहिलं. आणि तेवढ्यात त्यांची नजर त्या रिंगवर गेली. नवी कोरी, काळीभोर, खाचेत मुकाट बसलेली. आपण हिच्यासाठी शब्द देऊन बसलोय. सगळ्या पंपाला कुंकू आणि हिला काहीच नाही? त्यांनी अनामिकेनं रिंगला कुंकवाचं बोट लावलं, चार अक्षता वाहिल्या, "बाई गं, माझी लाज राख" म्हणाल्या, आणि झाकण घट्ट लावलं.

दसऱ्याचा दिवस सरळ गेला. एकादशीला सकाळी आठ वाजता फोन वाजला.

"जयाबाई, सुनीती दामले बोलतेय. आज तलावात सोडा सोडलाय का?"

"सोडा? नाही हो ताई."

"मग बुडबुडे कसले येतायत? गुडघ्यांना गुदगुल्या होतायत माझ्या. पंप बंद करायला लावलाय मी. बघा काय ते."

फोन ठेवल्यावर जयाबाई ओट्याशी नुसत्या उभ्या राहिल्या. उपासाची भगर करपली तेव्हा भानावर आल्या.

मच्छिंद्रराव गेले, झाकण काढलं, खाच फडक्यानं खसखसून पुसली आणि रिंग पिशवीत घालून दुपारी घरी आणली. "सैलच वाटते," म्हणाले. त्यांना खरं तर काहीच वाटत नव्हतं, पण काहीतरी म्हणायला हवं होतं.

जयाबाई फराळाचा विचार न करता निघाल्या. त्या दिवशी रस्त्यावरून गणपतीला हात जोडताना पुटपुटल्या, "मी रबरावर विश्वास ठेवला ते चुकलं का?" आणि उत्तराची वाट न बघता बोळात शिरल्या.

"बाळशेठ, ही घ्या तुमची रिंग. महिनाभर नाही टिकली. माझा शब्द गेला."

बाळशेठनी रिंग हातात घेतली. ताणली, पिळली, सोडली. मग भिंग काढलं आणि ती बोटाबोटानं फिरवत बघू लागले. एका ठिकाणी थांबले.

"ताई, घरी तांदूळ कुठला आहे?"

"अहो, मी काय विचारतेय आणि तुम्ही काय विचारताय?"

"बारीक आहे, म्हणून विचारलं. कोलम का?"

"कोलमच आहे. मग?"

त्यांनी भिंग आणि रिंग दोन्ही जयाबाईंच्या हातात दिली. काळ्या रबरावर तीन लहान लांबट खाचा होत्या, शेजारी शेजारी, एक जराशी तिरकी. खाचांच्या तळाशी गुलाबी रंग. कुंकवाचा.

जयाबाई एकदम दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"कोरडा दाणा कडेला पडून राहिला असेल," बाळशेठ म्हणाले. "पाण्यात भिजला, फुगला, रिंगच्या खाली घुसला. तांदूळ भिजला की फुगतो हे मी तुम्हाला काय सांगणार? रबराचा दोष नाही. मापाचा नाही." मग जरा खालच्या आवाजात, "देवाचाही नाही."

"तीनच आहेत. मी चार वाहिल्या होत्या."

"चौथी प्रामाणिक निघाली."

जयाबाईंना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. नवी रिंग द्या म्हणाल्या तर बाळशेठ देईनात. "कशाला? हिला काय झालंय? कोमट पाण्यात ठेवा तासभर, खाचा भरून येतील. नवी टाकलीत तर ही वाईट होती असं होईल. आणि माझा माल वाईट नसतो."

संध्याकाळी रिंग पातेल्यात कोमट पाण्यात पडली होती आणि नवरा-बायको दोघं त्या पातेल्याकडे बघत बसले होते. खाचा खरंच भरून येत होत्या. मच्छिंद्ररावांचा जीव भांड्यात पडला.

"झालं तर मग! उद्या बसवतो. ताईंना सांगू, कचरा अडकला होता. पंपात कचरा अडकतोच. खोटं काही नाही त्यात."

"कचरा?"

"म्हणजे, काहीतरी अडकलंच होतं ना?"

जयाबाई म्हणाल्या, "अहो, हात जोडून वाहिल्या होत्या मी त्या. वाहिलेल्या अक्षतांना कचरा कसं म्हणू?"

मच्छिंद्ररावांनी पातेल्यातलं पाणी बदललं.

दुसऱ्या दिवशी दोघंही खराडीला गेले. गाडी गेटपाशी थांबली. मच्छिंद्रराव रिंग घेऊन आत गेले. जयाबाई बाहेरच उतरल्या आणि फुटपाथवर पदर सावरून उभ्या राहिल्या. गेटवर रावसाहेब होता. नाव रावसाहेब, काम वॉचमनचं, गाव तिकडे वाशीमकडचं.

"मावशी, आत या ना. उन्हात काऊन उभ्या हाय?"

"नाही यायचं मला आत. सुनीतीताईंना जरा खाली बोलवतोस का?"

"मॅडमले खाली बोलावू? मी?" रावसाहेबानं एकदा गेटकडे पाहिलं, एकदा इंटरकॉमकडे. शेवटी जयाबाईंचा चेहरा बघून त्यानं बटण दाबलं.

सुनीतीताई आल्या. गुडघ्यांमुळे सावकाश आल्या, त्यामुळे जयाबाईंना वाट बघायला आणि घाबरायला भरपूर वेळ मिळाला.

"काय प्रकार आहे हा? निवेदन देणार आहात का?"

"ताई, पंपानं हवा ओढली. मी शब्द दिला होता, गेटच्या आत येणार नाही. म्हणून तुम्हाला त्रास दिला." आणि मग जयाबाईंनी सगळं सांगितलं. कुंकवाचं बोट, चार अक्षता, भिंग, तीन खाचा. "चूक माझ्या हातची आहे. रिंग चांगली आहे, बाळशेठचा माल चांगला आहे. मला पूजेची जागा कळली नाही. आता काम काढून घ्यायचं तर घ्या, मी काही म्हणणार नाही. पण ह्यांच्या हातात खोट नाही, एवढं कमिटीला सांगा."

सुनीतीताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"तुम्ही 'पान अडकलं होतं' असं सांगू शकला असतात. मला काय कळणार होतं?"

"कळलं नसतंच."

"मग?"

"पान नव्हतं ना, ताई."

रावसाहेब उगीचच रजिस्टरची पानं उलटत होता आणि कान इकडेच लावून होता.

"हे बघा," सुनीतीताई म्हणाल्या, "मी तुमचा शब्द वहीत लिहून ठेवलाय. 'रिंग सैल पडून हवा ओढली तर.' रिंग सैल पडलेली नाही. तिच्या खाली तुम्ही भात लावलात. तेव्हा शब्द अजून मोडलेला नाही, आणि वर्ष व्हायला अकरा महिने आहेत. तेवढं त्या रिंगला पुरं करू द्या. तोवर कुणीतरी तिच्यावर लक्ष ठेवायला नको? का ते पण मीच करू, फेऱ्या मारता मारता?"

"पण दिग्विजय सर—"

"त्याला मी जसंच्या तसं सांगणार आहे. फॉर्म भरण्याच्या सवयीचा आहे तो, त्याला कारणाच्या रकान्यात काय लिहायचं एवढाच प्रश्न पडेल. बघू देत." त्यांनी गेटचा छोटा दरवाजा स्वतःच्या हातानं उघडून धरला. "चला. माझे गुडघे उभं राहून दुखतात."

जयाबाई उंबरा ओलांडावा तशा उजवा पाय पुढे टाकून आत आल्या.

पंपाच्या खोलीत मच्छिंद्ररावांनी रिंग बसवली होती. बटण दाबलं. पारदर्शक झाकणाखाली आधी पाणी ढवळलं, दोन-चार मोठे बुडबुडे सरकत गेले, मग एक, मग एकही नाही. पाणी भरून वाहत होतं आणि काचेसारखं स्थिर दिसत होतं. तिघंही वाकून बघत होते. सुनीतीताई म्हणाल्या, "उद्या सातला येते," आणि गेल्या.

दिग्विजयनं खरंच फोन केला, दोन दिवसांनी. "काकू, कारण काय लिहू? 'फॉरेन ऑब्जेक्ट' लिहिलं तर चालेल?" जयाबाईंनी त्याचा अर्थ विचारला, 'परकी वस्तू' असं कळल्यावर नाही म्हणाल्या. मग त्यानं रकान्यात देवनागरीत 'अक्षता' असं लिहिलं.

ह्या वर्षीच्या खंडेनवमीपर्यंत त्या रिंगनं हवेचा एक थेंब ओढला नाही. हवेला थेंब नसतो हे जयाबाईंना माहीत आहे, पण त्या असंच सांगतात. त्या दिवशी ताट घेऊन पंपाच्या खोलीत पोचल्या तर सुनीतीताई आधीच तिथे खुर्ची टाकून बसलेल्या. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला.

"आज लवकर, ताई?"

"देखरेखीला आलेय."

जयाबाईंनी पंपाला बाहेरून हळद लावली, कुंकू लावलं, माळ घातली. अक्षता चिमटीत घेतल्या आणि हात तसाच अडला. पंपावर टाकाव्यात, की खाली पाटावर, की नकोच, असं होऊन त्या उभ्याच राहिल्या.

"टाका, टाका," मागून आवाज आला. "झाकण लावलेलं आहे. मी दोनदा बघितलंय."

जयाबाईंनी डोळे मिटले आणि अक्षता वाहिल्या. चारही दाणे झाकणावरून घरंगळत खाली, पंपाच्या पायाशी जाऊन पडले.